रोगलाइक नेमके कशाला म्हणावे?

अक्षांश (धागाकर्ता)

'नेटहॅक', 'हेडीस' आणि 'बलाट्रो' या तिन्ही व्हिडिओ गेमना आज रोगलाइक, म्हणजे 'रोग' (Rogue) या जुन्या गेमसारखे, म्हटले जाते. तिघांना शेजारी ठेवून पाहिले, की हे नाव त्यांच्यातल्या कोणत्या गुणाला दिले आहे हे सांगणे अवघड होते. 'नेटहॅक'मध्ये अक्षरांनी काढलेल्या भुयारातून एकेक पाऊल विचार करून टाकायचे असते. 'हेडीस'मध्ये शत्रूंच्या गर्दीत निमिषार्धात झेप घेऊन वार चुकवायचा असतो. 'बलाट्रो'मध्ये तर हिंडायला भुयार नाही की चालवायला पात्र नाही. पोकरचे हात जुळवायचे आणि जोकरची पाने जमवून त्या हातांचे गुण वाढवत न्यायचे, असा तो खेळ आहे. तरीही 'मला रोगलाइक आवडतात' असे सांगणाऱ्याला या तिन्हींची शिफारस केली जाते, आणि तो त्यातल्या एकावर जीव टाकतो व उरलेले दोन अर्ध्या तासात सोडून देतो, असे वारंवार घडते. म्हणून ही चर्चा निव्वळ शब्दांचा कीस आहे असे मला वाटत नाही. कोणता अनुभव शोधायचा आणि तो कोणत्या नावाने शोधायचा, हा खेळणाऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

मूळ 'रोग' १९८० च्या सुमारास मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेत लिहिला. पुढे बर्कलीचे केन अर्नोल्ड त्यात सामील झाले. त्यांच्या 'कर्सेस' या प्रोग्रामिंग लायब्ररीमुळे साध्या अक्षरी टर्मिनलवर पडद्याच्या हव्या त्या जागी हवे ते चिन्ह काढणे शक्य झाले होते. खेळाडू म्हणजे 'ॲट द रेट'चे चिन्ह, राक्षस म्हणजे २६ इंग्रजी मोठी अक्षरे, आणि उद्दिष्ट म्हणजे २६व्या मजल्यावर पोहोचून येंडरचा ताईत घेऊन जिवंत वर येणे. भुयार दर डावाला नव्याने रचले जाई. सेव्ह केलेला डाव पुन्हा उघडताच सेव्ह फाइल पुसली जाई, त्यामुळे मेल्यावर मागे जाण्याची सोय नव्हती.

यातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला भुयाराच्या नकाशापेक्षा कुप्यांमध्ये दिसतो. 'रोग'मध्ये औषधांच्या कुप्यांना रंग असतात आणि कोणत्या रंगात काय आहे हे दर डावाला नव्याने ठरते. या डावात जखमा भरून काढणारी निळी कुपी पुढच्या डावात आंधळे करू शकते. म्हणजे 'निळी कुपी चांगली' हे ज्ञान मरणाबरोबर निकामी होते. मात्र 'अनोळखी कुपी प्यायची असेल तर आसपास शत्रू नसताना प्यावी, अखेरच्या क्षणी तिच्यावर भिस्त ठेवू नये' हे ज्ञान टिकते, आणि ते पात्रात न साठता खेळणाऱ्यात साठते. माझ्या मते रोगलाइकची ओळख इथे आहे. मृत्यूने पात्राचे सर्व काही हिरावून घ्यावे, मांडणी दर वेळी बदलल्यामुळे पाठांतराचा उपयोग होऊ नये, आणि पुढच्या डावात नेण्यासारखी एकच गोष्ट उरावी, ती म्हणजे खेळणाऱ्याची समज. बाकीचे गुण, मग ते अक्षरी चित्रण असो, चौकटींचे ग्रिड असो वा भुयार असो, त्या काळाच्या यंत्रांनी आणि त्या निर्मात्यांच्या आवडीनिवडींनी आलेले आहेत.

ही कसोटी लावली तर 'स्पेलंकी' हा उड्या मारत गुहा ओलांडण्याचा गेम आत येतो, 'स्ले द स्पायर' हा पत्त्यांचा गेम आत येतो आणि 'रोग लेगसी' बाहेर राहतो, कारण त्यात मेलेल्या पूर्वजाने कमावलेले सोने खर्च करून वारसाला अधिक बलवान करता येते. 'हेडीस'बद्दल माझे मन अजून द्विधा आहे. तुमची मते वाचायला आवडतील, विशेषतः या कसोटीशी असहमत असणाऱ्यांची.


प्रतिसाद – तळघर

कसोटी आकर्षक आहे, पण ती फार सैल आहे. तुमच्या तिन्ही अटी 'टेट्रिस'ला लावून पाहा. तुकड्यांचा क्रम दर वेळी वेगळा असतो, हरल्यावर काहीही उरत नाही, आणि पुढच्या डावात फक्त खेळणाऱ्याचे कसब जाते. 'माइनस्वीपर'लाही हेच लागू पडते. जी व्याख्या 'टेट्रिस'ला रोगलाइक ठरवते, ती रोगलाइक खेळणाऱ्याच्या काय कामाची?

कुप्यांचे तुमचे उदाहरण मला मान्य आहे, पण तुम्ही त्यातून अर्धाच निष्कर्ष काढला. ती अनोळखी कुपी पिता येते, शत्रूवर फेकता येते, विकता येते, किंवा ती न वापरता नुसते मागे सरून अरुंद बोळात उभे राहता येते, जिथे एका वेळी एकच शत्रू समोर येऊ शकतो. या सर्व पर्यायांतून निवड करायला हवा तितका वेळ मिळतो, कारण मी चाल करेपर्यंत जग थांबलेले असते. आणि ही निवड ज्या पडद्यावर मी चालत होतो त्याच पडद्यावर, त्याच आज्ञांनी करता येते. लढाईचा वेगळा पडदा नाही, दुकानाचा वेगळा मेनू नाही. दुकानातही मी त्याच चौकटींवर उभा असतो, वस्तू उचलून पैसे न देता निसटण्याचा प्रयत्न करू शकतो आणि त्याची किंमत मोजू शकतो. पाळीपाळीने चालणारा वेळ, चौकटींची जागा आणि सर्वत्र लागू असणारे एकच नियम हे तीन गुण ज्याला तुम्ही 'समज' म्हणता तिची जननी आहेत. त्यांना यंत्रांच्या मर्यादेचे अवशेष समजणे मला चुकीचे वाटते.

'नेटहॅक'मधली कॉकट्रिस घ्या. तिला उघड्या हाताने स्पर्श केला तर माणूस दगड होतो. हातमोजे घातले असतील तर तिचे मढे शस्त्र म्हणून हातात धरता येते आणि त्याचा वार लागलेले बहुतेक शत्रू दगड होतात. पण ते मढे हातात असताना तुम्ही खड्ड्यात पडलात तर तुम्ही त्याच्यावरच पडता आणि स्वतः दगड होता. हातमोजे असूनही! यातली एकेक शक्यता निर्मात्यांनी विचार करून लिहून ठेवलेली आहे. स्पर्श, शस्त्र, खड्डा आणि पतन यांचे नियम त्यामुळे एकमेकांना भेटतात. असे नियम गुंतागुंतीचे असतील तर विचारासाठी वेळ लागतो, आणि वेळ हवा म्हणून टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने चालणारी, रचना हवी. 'हेडीस'मधील समज खरी आहे, ती मी कमी लेखत नाही, पण तिचा मोठा भाग बोटांत असतो. 'नेटहॅक'मधली समज डोक्यात असते. दोन्ही मौल्यवान असल्या तरी त्यांना एकच नाव दिल्याने दोघींचेही वर्णन होत नाही.


प्रतिसाद – पायवाट

आधी या नावाचा जन्म कसा झाला ते पाहणे उपयुक्त ठरेल, कारण ते व्याख्येतून जन्मलेले नाही. १९९३ मध्ये यूजनेट या जुन्या ऑनलाइन चर्चाव्यवस्थेवर 'रोग', 'नेटहॅक', 'मोरिया' आणि 'अँगबँड' यांच्या चर्चागटांना एका छत्राखाली आणण्यासाठी हा शब्द घेतला गेला आणि तिथून तो रुळला. एकमेकांशी नाते सांगणाऱ्या खेळांना एक घर हवे होते आणि घराला पाटी हवी होती. ती पाटी आडनावासारखी होती. आडनावावरून माणसाचे कूळ कळते, स्वभाव कळत नाही.

स्वभावात तर ही भावंडे आरंभापासून वेगळी होती. १९८२ मधील 'हॅक' आणि त्यातून १९८७ मध्ये आलेला 'नेटहॅक' ही एक शाखा. ओक्लाहोमा विद्यापीठात रॉबर्ट कोनेके यांनी १९८३ मध्ये लिहिलेला 'मोरिया' आणि त्यातून १९९० मध्ये वॉरिक विद्यापीठात निघालेला 'अँगबँड' ही दुसरी. पहिल्या शाखेत तुम्ही सोडलेला मजला तुम्ही सोडलात तसाच राहतो. परत गेलात तर टाकून दिलेली तलवार तिथेच सापडते. दुसऱ्या शाखेत जिना चढला किंवा उतरला की मजला नष्ट होतो आणि नवा तयार होतो, त्यामुळे नको असलेल्या मजल्यावरून निघून जाणे हाच एक डावपेच बनतो. साधनांची टंचाई, पळ काढण्याची किंमत, शोधाचा अर्थ हे सारे या एका फरकाने बदलते. तरीही दोन्ही शाखांना रोगलाइक म्हणण्यास त्या काळी कोणीही आक्षेप घेतला नाही.

अक्षांश यांची 'मृत्यूनंतर काहीच उरू नये' ही अट परंपरेतच पाळली गेलेली नाही, हेही नोंदवतो. 'हॅक'पासून 'बोन्स फाइल' नावाची सोय आहे. तुमचे पात्र जिथे मेले तो मजला कधीकधी जपून ठेवला जातो, आणि पुढच्या एखाद्या डावात तुम्हाला तिथे तुमचेच भूत आणि तुमचेच सामान सापडते. सामान बहुधा शापित असते आणि भूत वैर धरते, पण वारसा आहेच. जपानमध्ये चुनसॉफ्टने १९९३ पासून 'मिस्टरी डंजन' मालिका काढली. तिच्यातील १९९५ चा 'शिरेन' हा टर्न-बेस्ड आहे, ग्रिडवर चालतो, मेल्यावर पहिल्या पातळीवर आणतो, आणि तरी गोदामात ठेवलेल्या वस्तू पुढच्या डावासाठी शिल्लक ठेवतो. 'शिरेन' रोगलाइक नाही असे म्हणणारा कोणी मला भेटलेला नाही.

तळघर यांच्या बाजूलाही अशाच अडचणी आहेत. 'डायब्लो' विकसित होत असताना प्रारंभी टर्न-बेस्ड होता. त्याचे निर्माते डेव्हिड ब्रेविक यांच्यासमोर 'मोरिया' आणि 'अँगबँड' यांचा आदर्श होता. नंतर तो रिअल-टाइम, म्हणजे जग न थांबणारा, करण्यात आला आणि १९९६ च्या अखेरीस त्याच रूपात बाहेर पडला. वंश पाहिला तर तो 'मोरिया'चा जवळचा नातलग आहे, आणि तरी त्याला आज बहुतेक जण रोगलाइक म्हणत नाहीत. उलट डॉन वर्थ यांचा ॲपल टू वरील 'बिनीथ ॲपल मॅनर' १९७८ चा, म्हणजे 'रोग'च्याही आधीचा. यादृच्छिक भुयार त्यात आहे, आणि तो पाळीपाळीने चालतो. वंशाशी संबंध नसूनही तो लक्षणांनी या कुळातला वाटतो. म्हणजे केवळ वंश धरला तरी अडचण आहे आणि केवळ लक्षणे धरली तरी आहेच.

२००८ मध्ये बर्लिन येथे रोगलाइक बनवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिथे 'बर्लिन इंटरप्रिटेशन' नावाचा मसुदा तयार झाला. या धाग्यात त्याचा उल्लेख येणारच, म्हणून आधीच लिहितो. त्यात अधिक वजनाचे आणि कमी वजनाचे असे दोन गट आहेत. यादृच्छिक रचना, पर्माडेथ (मेल्यावर डाव कायमचा संपणे), टर्न-बेस्ड वेळ, ग्रिड, सर्वत्र एकच नियम, गुंतागुंत, साधनांचे व्यवस्थापन, शत्रूंचा निःपात आणि शोध हे पहिल्या गटात. अक्षरी चित्रण, भुयार, एकच पात्र, दिसणारे आकडे वगैरे दुसऱ्या गटात. लोक हा मसुदा दंडसंहितेसारखा वापरतात, परंतु काही गुण नसले म्हणून गेम रोगलाइक ठरत नाही असे नाही, आणि काही गुण असले म्हणून तो रोगलाइक ठरतोच असेही नाही, असे त्यातच स्पष्ट म्हटले आहे. माझा त्याच्यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे. 'रोग', 'नेटहॅक', 'अँगबँड', 'ॲडम' आणि 'क्रॉल' हे पाच गेम प्रमाण मानून त्यांच्यातून गुण काढले गेले. ज्यांच्यापासून फूटपट्टी बनवली त्यांना मोजले तर ते बरोबर भरणारच. त्या पाचांच्या पलीकडे काय असू शकते, याचे उत्तर त्या फूटपट्टीकडे मागणे योग्य नाही.


प्रतिसाद – काजवा

मी 'स्पेलंकी'मधून या प्रकाराकडे आलो आणि 'नेटहॅक' पुष्कळ नंतर खेळलो, म्हणून माझी बाजू उलट दिशेने मांडतो.

तळघर यांनी एकच नियम सर्वत्र लागू असण्याचा गुण टर्न-बेस्ड रचनेशी बांधला आहे. ते बांधणे मला पटत नाही. डेरेक यू यांचा 'स्पेलंकी' २००८ मध्ये आला. त्यात भिंतीतला बाणाचा सापळा समोरून जाणाऱ्या कोणत्याही हलत्या वस्तूवर सुटतो, मग तो मी असो, वटवाघूळ असो किंवा मी मुद्दाम फेकलेला दगड असो. दगड फेकून सापळा निकामी करणे हे मला कोणी शिकवले नाही. नियम सर्वांना सारखा आहे हे लक्षात आल्यावर ते सुचले. एका दुकानदाराला डिवचले तर पुढचे दुकानदार माझ्यावर बंदूक रोखून उभे राहतात. खड्डा आणि कॉकट्रिस यांची जशी गाठ पडते तशीच इथे बॉम्ब, पाणी, दोर आणि मूर्ती यांची पडते. जग थांबत नाही, हे खरे. पण कड्याच्या टोकावर उभे राहून खाली पाहत विचार करण्याची मुभा 'स्पेलंकी'तही असते, आणि घाईने उडी मारणारा त्यात लवकर मरतो.

'स्ले द स्पायर'चे उदाहरण तर तळघर यांच्या मांडणीला अधिक अडचणीचे आहे. तो पूर्णपणे टर्न-बेस्ड आहे, त्यात बोटांच्या चपळाईचा लवलेश नाही, प्रत्येक पत्त्यावर हवा तितका विचार करता येतो. त्यात ग्रिड नाही आणि लढाईचा पडदा नकाशापासून वेगळा आहे, इतकेच. मग डोक्यातली समज हा निकष असेल तर तो आत यायला हवा, आणि पडद्यांची एकता हा निकष असेल तर तो बाहेर जाईल. या दोहोंपैकी कोणता निकष खरा धरायचा?

नावाविषयी एक ऐतिहासिक मुद्दा मांडतो. १९९३ च्या 'डूम'नंतर आलेल्या तशा प्रत्येक गेमला काही वर्षे 'डूम क्लोन' म्हणत. पुढे 'फर्स्ट-पर्सन शूटर' हे वर्णनात्मक नाव रूढ झाले आणि कोणता गेम 'डूम'शी किती इमानी आहे हा वाद आपोआप मिटला, कारण नवे नाव कोणाशी तुलना करत नव्हते, ते काय दिसते आणि काय करायचे असते ते सांगत होते. रोगलाइकच्या नशिबी असे वर्णनात्मक नाव वेळेवर आले नाही. 'रन-बेस्ड' हा शब्द अधूनमधून वापरला जातो आणि मला तो योग्य वाटतो. दरम्यानच्या काळात मात्र लाखो खेळणाऱ्यांनी 'रोगलाइक' याच शब्दात तो अर्थ भरला आहे. आता या शब्दाने बहुतेकांना इतकेच कळते, की डाव मध्यम लांबीचा असेल, हरल्यावर मुळापासून सुरू होईल, आणि दर वेळी वेगळे काही मिळेल. स्टीम या गेमविक्रीच्या संकेतस्थळावर तर 'ट्रॅडिशनल रोगलाइक', 'ॲक्शन रोगलाइक', 'रोगलाइक डेकबिल्डर' असे जोड टॅग रुळले आहेत. ज्याला 'नेटहॅक'सारखे हवे तो पहिला टॅग निवडतो. व्यवहारात प्रश्न बराचसा सुटलेला आहे.


प्रतिसाद – तळघर

काजवा, 'स्पेलंकी'बद्दलचे निरीक्षण अचूक आहे, आणि 'सर्वत्र एकच नियम' हा गुण रिअल-टाइममध्येही जगू शकतो हे मी मान्य करतो. म्हणूनच मला 'स्पेलंकी' 'हेडीस'पेक्षा 'रोग'च्या कितीतरी जवळचा वाटतो, जरी दोन्ही ॲक्शन गेम असले तरी. 'स्ले द स्पायर'बाबत माझे उत्तर असे, की त्यात जागा नाही. मागे सरता येत नाही, दार बंद करता येत नाही, शत्रूला नजरेआड करता येत नाही. लढाई सुरू झाली की ती बहुधा पुरी करावी लागते. रोगलाइकमधले सर्वांत चांगले निर्णय अनेकदा लढाई कुठे व्हावी आणि होऊच नये का, याबद्दलचे असतात. 'स्ले द स्पायर'मध्ये तो निर्णय मुख्यतः नकाशावर वाट निवडतानाच घ्यायचा असतो. तो उत्तम गेम आहे, पण त्याचा गाभा पत्त्यांचा संच घडवण्याचा आहे आणि 'डेकबिल्डर' हे त्याचे अधिक खरे नाव आहे.

जोड टॅगांनी प्रश्न सुटला, हे मात्र मला पटत नाही. ज्यांच्यामुळे नाव पडले त्यांना आता आपल्यापुढे 'ट्रॅडिशनल' हे विशेषण लावून घ्यावे लागते, आणि त्या विशेषणातून 'जुनाट' असा अर्थ नकळत ध्वनित होतो. 'कॉगमाइंड' किंवा 'केव्ह्ज ऑफ कड' यांच्यात जुनाट असे काहीही नाही. यंत्रमानवाचे सुटे भाग एकेक करून गळून पडत असताना नवे जोडत राहायचे, ही 'कॉगमाइंड'ची कल्पना आजच्या कोणत्याही ॲक्शन गेमपेक्षा अधिक नवी आहे.


प्रतिसाद – अक्षांश

'टेट्रिस'च्या आक्षेपाला उत्तर देणे आवश्यक आहे. 'टेट्रिस'चे सर्व तुकडे आणि सर्व नियम पहिल्या मिनिटात समोर येतात; त्यानंतर शोधण्यासारखे काही उरत नाही, फक्त अधिक चांगले करत जायचे असते. रोगलाइकमध्ये नियम स्वतःच लपलेले असतात. कोणती वस्तू काय करते, कोणता शत्रू कशाला घाबरतो, दोन वस्तू एकत्र आल्यावर काय घडते, हे मरून मरून शिकावे लागते. त्यामुळे मी माझी कसोटी अशी नेमकी करतो: पात्राचे सर्व काही जावे, आणि जे खेळणाऱ्याकडे राहते ते केवळ कसब नसून जगाविषयीचे ज्ञान असावे. 'टेट्रिस' इथे गळतो, 'माइनस्वीपर' गळतो, 'स्ले द स्पायर' टिकतो.

बोन्स फाइल आणि 'शिरेन'चे गोदाम यांबद्दल पायवाट यांचा मुद्दा बिनतोड आहे, पण मला तिथे प्रमाणाचा फरक दिसतो. बोन्स फाइलवर विसंबून कोणी 'नेटहॅक' जिंकण्याचा बेत आखत नाही. तो योगायोग आहे आणि धोकाही आहे. 'रोग लेगसी'त मात्र आरंभीचे मरण हे जवळजवळ आखलेले असते. पहिल्या वारसाने किल्ला जिंकावा अशी अपेक्षा नसते, त्याने सोने आणावे अशी असते. तिथे मरणाने शिकवण मिळते तितकीच कमाईही होते, आणि मग आपण जिंकलो ते समज वाढल्याने की आकडे वाढल्याने, हे ओळखता येत नाही. त्या गेमच्या निर्मात्यांनी २०१३ मध्ये स्वतःच 'रोग-लाइट' (सौम्य रोगलाइक) हा शब्द वापरला, हे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

या दृष्टीने अनलॉकचेही, म्हणजे पुढच्या डावांसाठी कायमच्या खुल्या होणाऱ्या गोष्टींचेही, दोन प्रकार करावे लागतात. जे अनलॉक पर्याय वाढवतात पण बळ वाढवत नाहीत, ते माझ्या कसोटीला बाधा आणत नाहीत. 'स्ले द स्पायर'मध्ये तर जिंकल्यावर 'असेन्शन'च्या पायऱ्या उघडतात, एकूण २०, आणि प्रत्येक पायरी खेळ अधिक कठीण करते. तिथे प्रगतीचा अर्थ पात्र दुबळे होत जाणे आणि खेळणारा जाणता होत जाणे असा आहे, आणि याहून शुद्ध उदाहरण मला आठवत नाही. 'हेडीस'मध्ये दोन्ही दिशा एकत्र आहेत. रात्रीचा आरसा पात्राला कायमचे बळ देतो, उलट शिक्षेचा करार ते बळ हिरावून घेणारे निर्बंध लादू देतो. शिवाय कथा पूर्ण होण्यासाठी दहा वेळा सुटका करून घ्यावी लागते, म्हणजे मरण आणि पुनरागमन हेच कथेचे वाहन आहे. माझी द्विधा अवस्था त्यातून येते. कथेने मरणाला इतके अर्थपूर्ण केले, की मरणाने काही गमावल्याची भावनाच उरत नाही.


प्रतिसाद – रात्रपाळी

आतापर्यंत सर्वांनी वेगवेगळ्या गेमची तुलना केली. एकाच गेममध्ये एकच गुण बदलून पाहता आला तर वादाला अधिक नेमके रूप येईल, आणि अशी दोन उदाहरणे उपलब्ध आहेत.

पहिले 'क्रिप्ट ऑफ द नेक्रोडान्सर'. ग्रिड आहे, भुयार यादृच्छिक आहे, बहुतेक शत्रूंची चाल ठरलेली आहे. पण संगीताच्या ठोक्याबरहुकूम पाऊल टाकावे लागते. ठोका चुकला तर पाळी वाया जाते. आता याच गेममध्ये 'बार्ड' नावाचे पात्र निवडले तर ठोक्याचे बंधन जाते आणि शत्रू फक्त तुम्ही हललात तरच हलतात. भुयार तेच, शत्रू तेच, शस्त्रे तीच. पात्र बदलल्याने गेमचा प्रकार बदलला का?

दुसरे 'केव्ह्ज ऑफ कड', ज्याची पूर्ण आवृत्ती २०२४ मध्ये आली. त्यात 'क्लासिक' पद्धतीत पर्माडेथ आहे, आणि 'रोलप्ले' पद्धतीत वस्त्यांमध्ये चेकपॉइंट मिळतो, मेल्यावर तिथून पुढे खेळता येते. म्हणजे अक्षांश ज्याला गाभा मानतात तोच भाग एका मेनूतून काढून टाकता येतो. रोलप्ले पद्धतीने खेळणारा माणूस रोगलाइक खेळत नाही, असे आपण म्हणणार का? मला स्वतःला तसे म्हणवत नाही, कारण उरलेल्या प्रत्येक क्षणी तो गेम मला 'ॲडम'चा वारस वाटत राहतो.


प्रतिसाद – अक्षांश

'कड'चे उदाहरण माझ्या मांडणीला सर्वांत जड जाणारे आहे. मी रोलप्ले पद्धतीला रोगलाइक म्हणणार नाही; रोगलाइकच्या भाषेत लिहिलेला रोल-प्लेइंग गेम म्हणेन. चेकपॉइंट असला की अनोळखी वस्तू पाहिल्यावर मनात येणारा प्रश्न बदलतो. 'हे वापरले तर काय गमवावे लागेल' याच्या जागी 'वापरून तर पाहू' असे येते. जिज्ञासा वाढते, कदाचित आनंदही वाढतो, आणि 'कड'सारख्या विलक्षण जगात अनेकांसाठी तीच योग्य पद्धत असेल. परंतु सावधपणातून येणारे ज्ञान तिथे घडत नाही. एकाच गेमच्या दोन पद्धती दोन प्रकारांत मोडल्या तर मला त्यात काही विचित्र वाटत नाही, कारण मी प्रकार ठरवतो तो डावाचा, खोक्यावरच्या नावाचा नव्हे.


प्रतिसाद – पायवाट

मग तुमच्या हिशेबाने 'अँगबँड'ची सेव्ह फाइल कॉपी करून ठेवणारा खेळाडूही रोगलाइक खेळत नसतो. सेव्ह फाइलच्या प्रती काढण्याची ही सवय यूजनेटच्या काळापासून सर्रास होती, आणि ती बाळगणारे लोकही त्याच चर्चागटांत बसून डावपेच सांगत असत. त्यांना कोणी बाहेर काढले नाही. मला कुळाचे नाव अशा प्रकारे डावागणिक देता-घेता येणे पटत नाही, परंतु इथे आपला मतभेद मूलभूत आहे आणि तो उदाहरणांनी मिटणारा दिसत नाही.


प्रतिसाद – तळघर

बार्डबद्दल लिहितो, कारण तो प्रश्न माझ्यासाठी होता.

ठोक्यावर खेळताना निळा स्लाइम वर-खाली उडतो आणि हिरवा जागचा हलत नाही, हे मला माहीत असते. तरी तीन-चार शत्रू एकदम आले की मी ते ज्ञान वापरू शकत नाही. पाय सवयीने पडतात. बार्ड घेतला की तेच तीन-चार शत्रू एक कोडे बनतात. कोणाची पाळी केव्हा, कोणती चौकट दोन चालींनंतर रिकामी होईल, भिंत खोदून त्यांना बोळात आणता येईल का, हे सारे मोजता येते. ज्ञान दोन्हीकडे तेच आहे, फक्त एकीकडे ते वापरायला सवड मिळते. म्हणून बार्डचा डाव माझ्या मते निर्विवाद रोगलाइक आहे आणि ठोक्यावरचा डाव त्याचा सख्खा शेजारी आहे. म्हणजे प्रकार डावाचा ठरवावा या मुद्द्यावर मी अक्षांश यांच्या बाजूने आहे, आणि तो कशावरून ठरवावा यावर त्यांच्या विरुद्ध: त्यांनी 'कड'च्या रोलप्लेला बाहेर ठेवले, मी तिला आत घेईन, कारण तिथे विचार करायला वेळ आहे, जागा आहे आणि सर्व नियम एकाच नकाशावर भेटतात.